दोन गाद्या, एक शक

जपानचे उदाहरण दिले की सभेत कुणी उलट विचारत नाही. शिस्त असो, रेल्वे असो, शाळेतली झाडलोट असो, जपानचे नाव निघाले की आपण मान खाली घालून ऐकतो. २०२५ च्या ज्येष्ठात बीडमध्ये शिवराज्याभिषेकाच्या निमित्ताने झालेल्या एका व्याख्यानातही हेच झाले. वक्ते अभ्यासू म्हणून ओळखले जाणारे, आवाज खणखणीत, आणि हातात एकच पण धारदार मुद्दा. जपानी माणूस आजही साल मोजतो ते आपल्या सम्राटाच्या नावाने. जगाचे २०२५ साल त्याच्या सरकारी कागदावर रेइवा ७ असते. अखंड गादी, अखंड कालगणना. आणि आम्ही मात्र रायगडावर सुरू झालेला शक गुंडाळून ठेवला. आज राज्याभिषेक शक ३५२ चालू आहे हे इथे किती जणांना माहीत आहे, असे विचारून त्यांनी सभेला लाजवले. मग सूत्र आले, ‘ज्याचा शक, त्याचे राज्य’. टाळ्या पडल्या. शिवरायांनी परकीय कालगणना फेकून दिली, तुम्हीही फेका, सरकारी कागदावर शिवशक आणा, अशी मागणी करून व्याख्यान संपले.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मी नव्हतो. मागणी वाईट आहे म्हणून नव्हे. वक्त्यांनी साक्षीला बोलावलेला साक्षीदारच फितूर होता म्हणून.

जपानची कालगणना अखंड होती ही समजूत आधी बाजूला ठेवू. ‘एक सम्राट, एक सालनाम’ ही पद्धत तिथे १८६८ नंतरची. त्याआधी भूकंप झाला, साथ आली, धूमकेतू दिसला, नाहीतर पंचांगात वाईट वर्ष आले की दरबार सालाचे नावच बदलून टाकी. चौदाव्या शतकातल्या गो-दाइगो नावाच्या एकाच सम्राटाने आठ वेळा सालनाम बदलले. पण खरी गंमत पुढे आहे. १३३६ ते १३९२ अशी छप्पन वर्षे जपानमध्ये एकाच वेळी दोन सम्राट होते. एक क्योतोला, आशिकागा ताकाउजी या सरदाराने बसवलेला. दुसरा दक्षिणेला, योशिनोच्या डोंगरात, पळून गेलेला पण राजचिन्हे आपल्याकडेच आहेत असे सांगणारा. दोन दरबार, दोन वंशावळी, आणि सालाची नावेही दोन. त्यामुळे त्या काळातल्या जमिनीच्या कागदात नुसती मिती पाहिली तरी धनी कोणत्या बाजूचा होता ते समजते.

या छप्पन वर्षांत सालनामांनी जी कसरत केली ती पाहिल्यावर वक्त्यांच्या सूत्राचे काही शिल्लक राहत नाही. गो-दाइगोने १३३४ मध्ये ‘केनमु’ हे साल सुरू केले. दोन वर्षांत ताकाउजीशी त्याचे फाटले, तेव्हा त्याने ‘एनगेन’ असे नवे नाव जाहीर केले. आणि ताकाउजीच्या बाजूने काय केले? शत्रूने टाकून दिलेले ‘केनमु’च पुढे १३३८ पर्यंत चालवले! ज्याने शक काढला त्याने तो सोडला, आणि त्याच्या वैऱ्याने तो जपला. पुढे १३५१ मध्ये ताकाउजीचे सख्ख्या भावाशी वैर पेटले. पाठीमागे दुसरा शत्रू नको म्हणून हा उत्तरेचा कर्ता पुरुष चक्क दक्षिणेच्या दरबाराला शरण गेला. आपणच उभा केलेला सम्राट त्याने खाली उतरू दिला, उत्तरेचे ‘कान्नो’ हे साल रद्द झाले आणि क्योतोतही दक्षिणेचे ‘शोहेइ’ लिहू लागले. हा समेट काही महिनेच टिकला. दक्षिणेच्या फौजा क्योतोत घुसल्या, समेट मोडला आणि कारकुनांनी पुन्हा ‘कान्नो’ लिहायला घेतले. ताकाउजीचा एक मुलगा बापाशी भांडत होता. बापाच्या पक्षाने नवे सालनाम काढले तरी तो जुनेच लिहीत राहिला. म्हणजे बंडखोरी कुठे, तर तारखेच्या जागेत.

‘ज्याचा शक, त्याचे राज्य’ हे सूत्र इथे लावून पाहावे. १३५१ च्या हिवाळ्यात शक दक्षिणेचा आणि सत्ता ताकाउजीची. १३३७ मध्ये शक गो-दाइगोचा आणि तो लिहिणारी राजधानी त्याच्या शत्रूची. राज्य तलवारीने आणि भाताच्या कोठारांनी चालले होते, सालनाम तेवढे इकडून तिकडे फिरत होते. १३९२ मध्ये दक्षिणेच्या सम्राटाने क्योतोला येऊन राजचिन्हे दिली. दोन्ही घराण्यांनी आळीपाळीने गादीवर बसायचे, असे वचन त्याला मिळाले होते. ते कधीच पाळले गेले नाही. दक्षिणेचे सालनाम नवव्या वर्षी बंद पडले आणि उत्तरेचे ‘मेइतोकु’ तेवढे उरले. या वादाचा निकाल लागायला मात्र १९११ साल उजाडले. शाळेच्या सरकारी पाठ्यपुस्तकात दोन्ही दरबार बरोबरीचे दाखवले म्हणून गदारोळ झाला, पुस्तकाचे जबाबदार इतिहासकार किता सादाकिची यांना कामावरून दूर केले गेले, आणि दक्षिणेचा दरबारच खरा, असे ठरले. ज्या मेइजी सम्राटाच्या नावाने हे ठरले तो स्वतः उत्तरेच्या वंशातला होता.

असा हा अखंड जपान.

आता घरी येऊ. आपल्याकडेही दोन दरबार झाले, आणि वक्त्यांनी ज्यांचा उल्लेखही केला नाही ते हेच. १६७४ मध्ये आनंद संवत्सरात, शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि नवा शक सुरू झाला. त्याला पुरती पस्तीस वर्षे होण्याआधीच गादी दुभंगली. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. ऑक्टोबरात खेडला लढाई झाली, धनाजी जाधव ऐनवेळी शाहूंकडे वळले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या आणि तिथे त्यांचा मुलगा शिवाजी छत्रपती म्हणून राहिला. १७१४ मध्ये पन्हाळ्यातच पलटी झाली. ताराबाई मुलासह कैदेत पडल्या आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. म्हणजे साताऱ्यास एक छत्रपती, कोल्हापूरकडे दुसरे. १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, हे भांडण उघड चालले.

या पाव शतकातली कोणत्याही छत्रपतींची पत्रे काढा. साताऱ्याच्या पत्राच्या माथ्यावर राज्याभिषेक शक, आणि कोल्हापूरच्या पत्राच्या माथ्यावरही राज्याभिषेक शक. संवत्सर तेच, आकडा तोच. जपानमध्ये तारखेवरून पक्ष कळतो. इथे तारीख वाचून काहीच कळत नाही. ‘राजा शाहू’ की ‘राजा शंभु’ हे पुढे वाचावे लागते. मग ज्याचा शक त्याचे राज्य असेल, तर हे राज्य नेमके कोणाचे?

हा प्रश्न मी आज विचारत असलो तरी तो पहिल्यांदा विचारला तो आपल्या परिसरातल्या एका मुरब्बी माणसाने, निजामुल्मुल्काने, आणि फार गोड भाषेत. दख्खनच्या सहा सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याच्या सनदा १७१९ मध्ये दिल्लीहून शाहूंना मिळालेल्या होत्या. त्या सहा सुभ्यांतच आपले बीडही आले. १७२७ च्या सुमारास निजामाने वसूल रोखला. पैसे द्यायला आपली ना नाही, पण तुमच्यात दोन छत्रपती आहेत, तेव्हा खरा धनी कोण ते आधी ठरू द्या. धनाजींचे चिरंजीव चंद्रसेन जाधव शाहूंना सोडून निजामाकडे आलेले होतेच, आणि कोल्हापूरचे संभाजीही निजामाला जाऊन मिळाले. वारसाच्या वादाचा पंच होऊन वसुली बुडवायची, ही युक्ती क्योतोच्या सरदारांनाही सुचली नसती. बाजीरावांनी उत्तर वादाने दिले नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाची फौज पाण्यावाचून कोंडली, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. मुंगी गोदेच्या काठी, पैठणजवळ, आपल्या गेवराई तालुक्याच्या शेजारात. दोन दरबारांपैकी चौथाईचा धनी कोण, याचा निकाल साताऱ्याला लागला नाही आणि पन्हाळ्यालाही नाही. तो लागला आपल्या गोदाकाठी, तहानलेल्या घोड्यांच्या जोरावर. तहाच्या मितीत कोणता शक होता याच्यावर तो मुळीच अवलंबून नव्हता.

आणि बीड परगण्यातल्या रयतेचे काय? तिच्या डोक्यावर दोन अंमल होते. मोगलाईचा अंमलदार आपला वसूल नेई आणि मराठ्यांचा कमाविसदार आपला. याला लोक दुअमली म्हणत. तिच्या हातातल्या नाण्यावर पाहिले तर वक्त्यांना आणखी त्रास होईल. तांब्याच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ आहे, साल नाही. आणि पेशवाईत मराठ्यांच्या टांकसाळीत पडलेला चांदीचा रुपया? त्यावर दिल्लीच्या बादशहाचे नाव आणि त्याच्या जुलूसाचे, म्हणजे तो गादीवर बसल्यापासूनचे, साल. पुण्याचे सैन्य अटकेपार गेले तेव्हाही शिपायाला पगार मिळाला तो बादशहाच्या सालाच्या रुपयात.

इथे थांबून दोन माणसांविषयी लिहायचे आहे. लांबण लागेल, पण त्यांच्यावाचून हा विषय मला कधी समजलाच नसता. एक किताबाताके चिकाफुसा, दुसरे रामचंद्रपंत अमात्य. एक हरत चाललेल्या योशिनो दरबाराचा मुत्सद्दी, दुसरे अखेरीस धाकट्या ठरलेल्या कोल्हापूर दरबाराचे. दोघांनीही उतारवयात, कठीण काळात, तरुण धन्याच्या पक्षासाठी राज्य म्हणजे काय हे सांगणारा ग्रंथ लिहिला. चिकाफुसाचा ‘जिन्नो शोतोकी’ १३३९ चा, पंतांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे.

चिकाफुसाची परिस्थिती ऐकण्यासारखी आहे. त्याचा मुलगा आकिइए हा दक्षिणेचा सेनापती. विशी नुकतीच ओलांडलेला हा पोरगा १३३८ मध्ये रणात पडला. मरण्याआधी त्याने गो-दाइगोला एक खरमरीत पत्र लिहिले होते. महाराज, तुमचा कारभार चुकतो आहे, असे स्पष्ट सांगणारे. त्याच वर्षी बाप फौज जमवायला पूर्वेकडे निघाला, तर वादळाने जहाजांची पांगापांग केली. तो हिताची प्रांताच्या किनाऱ्याला लागला आणि ओदाच्या किल्ल्यात जाऊन बसला. बाहेर शत्रू, आणि जवळ साधनग्रंथ म्हणाल तर राजांची एक त्रोटक वंशावळ. पुढच्या वर्षी योशिनोत गो-दाइगो वारला आणि बारा वर्षांचा मुलगा गादीवर आला. अशा वेळी या माणसाने देवयुगापासूनची गादी सांगत आणली. त्याचा एकच ध्यास, सरळ वारसा. गादी कोणत्या फांदीतून कोणत्या फांदीत गेली, आणि शेवटी ती योशिनोच्या पोरापर्यंतच कशी येते. सालनामे त्याच्या ग्रंथात पावलोपावली येतात. ज्याच्याकडे राजधानी नाही, फौज नाही, त्याने शक आणि वंशावळ घट्ट धरून ठेवावी यात नवल नाही.

रामचंद्रपंतांच्या हातात चिकाफुसापेक्षा जास्त काही होते असे नाही. पण ते लिहितात काय? किल्ला कसा राखावा. किल्ल्यावर पाणी कुठे, दारूखाना कुठे. सावकार राज्याला का हवा. टोपीकरांना व्यापाराला जागा कुठे आणि किती द्यावी. वतनदार हे आतले लहान राजेच, त्यांना कसे आवरावे. आरमाराला लाकूड लागते म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे सरसकट तोडू नयेत, धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावीत. वारसाचा वाद पेटलेला, समोर साताऱ्याचा छत्रपती मोठा होत चाललेला, आणि हा माणूस फणसाच्या झाडाची किंमत ठरवतो आहे! सुरुवातीला थोरल्या महाराजांपासूनची कथा येते खरी, पण साताऱ्याशी वंशाचे भांडण करत ग्रंथ थांबत नाही. याचे कारण मला त्यांच्या आयुष्यात दिसते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा मागे महाराष्ट्र सांभाळला तो हुकूमतपन्हा म्हणून याच पंतांनी. छत्रपती शेकडो कोसांवर, आणि राज्य इथे. गादी गावात नसली तरी किल्ला, खजिना आणि रयत हातात राहिली तर राज्य राहते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, करून पाहिलेले होते. १७१४ च्या पलटीत ताराबाईंची बाजू सोडतानाही त्यांनी वंशावळीला फार विचारले असेल असे वाटत नाही.

चिकाफुसाला मी इथे कमी लेखतो आहे असे वाटेल. तसे नाही. त्याच्या ग्रंथातली मला सर्वांत आवडणारी जागा आहे ती त्याचे आपल्याच सिद्धांताशी भांडण होते तिथली. शंभरावर वर्षांपूर्वी होजो यासुतोकी नावाच्या कारभाऱ्याच्या फौजेने एका निवृत्त सम्राटाला हरवले आणि त्याला बेटावर धाडले. वंशवादी माणसाने त्या यासुतोकीला शिव्याच द्याव्यात. चिकाफुसा त्याची स्तुती करतो. त्याने न्याय नीट केला, लोकांना सुख दिले, आणि चूक सम्राटाचीच होती, असे मोकळेपणाने लिहितो. गो-दाइगोने बक्षिसे वाटताना जो गोंधळ घातला त्यालाही तो झाकत नाही. म्हणजे चारी बाजूंनी शत्रू असताना, वारसाचीच बाजू मांडताना, तो कबूल करतो की नुसत्या वारशाने भागत नाही. आमच्या वक्त्यांनी चिकाफुसाचा एवढा एक परिच्छेद जरी वाचला असता!

इथपर्यंत माझे म्हणणे सोपे होते. शक ही कारकुनाची सोय, तिच्यात राज्य शोधणे हा भाबडेपणा. पण एका प्रश्नापाशी हे सोपेपण अडते, आणि तिथे वक्त्यांना त्यांचे माप द्यावे लागते. शक इतका नगण्य असेल, तर कोल्हापूरच्या संभाजींनी आपला स्वतःचा का काढला नाही? राज्याभिषेक झाला होता, ब्राह्मण होते, जोशी होते, शत्रुत्वही होते. नवा शक काढायला लागते काय? कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याने १०७६ मध्ये गादीवर येताच शालिवाहन शक बाजूला सारून आपला चालुक्य-विक्रम शक सुरू केला. मराठवाड्यातल्या कोरीव लेखांवरही तो चालला. राजवंश बुडाला आणि शकही गेला. शक काढणे राजाला परंपरेने मान्य होते. शाहूंनाही ते शक्य होते, ताराबाईंनाही. तिघांपैकी एकानेही ते केले नाही.

कारण नवा शक काढणे म्हणजे रायगडावरचा अभिषेक जुना झाला असे म्हणणे, आणि तसे म्हटले की दोघांच्याही दाव्याचा पायाच जातो. आपण थोरल्या महाराजांचे वारस आहोत, एवढेच तर दोघांचे म्हणणे होते. म्हणून साताऱ्याहून कोल्हापूरला शिव्या गेल्या, फौजा गेल्या, पण पत्राच्या माथ्यावरचा आकडा दोघांनी सारखा ठेवला. भाऊ वेगळे होतात, शेत वाटतात, विहिरीवर पाळ्या लावतात, पण देव्हारा फोडत नाहीत, तसे हे झाले. वारणेच्या तहात मुलूख नद्यांनी वाटला गेला, किल्ले वाटले गेले. शक वाटायचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

तेव्हा शकाला अर्थ होता. वक्ते म्हणतात तो मात्र नव्हे. मालकी दाखवण्यापुरता वापरलेला शक जपानच्या दक्षिणी सालनामांसारखा मालकाबरोबर संपतो. शत्रूनेही जो लिहिला तोच वादाच्या पलीकडे टिकला. राज्याभिषेक शकाची थोरवी शोधायची तर ती इथे, या भांडणात आहे, आणि वक्त्यांनी नेमके हे भांडणच व्याख्यानातून गाळले. दोन छत्रपतींची आठवण अडचणीची वाटली असावी.

पण देव्हारा घरातला, आणि शेत घराबाहेर. शेताची कालगणना कोणती होती? हे विचारले की कथा पुन्हा योशिनोच्या काळात जाते, आणि या वेळी थेट बीडमध्ये. बीडजवळ करजणीच्या टेकडीवर एक थडगे दाखवतात, महंमद तुघलकाच्या दाताचे. दौलताबादला राजधानी हलवणारा हा सुलतान इथून जात असता त्याचा दात पडला, आणि त्याने तो इतमामाने पुरून वर कबर बांधली, अशी हकीकत फिरिश्त्याने नोंदली आहे. दाताचे काय ते असो. याच तुघलकाच्या कारकिर्दीत, १३४४ च्या सुमारास, दख्खनमध्ये एक सौर साल सुरू झाले. त्याचे नाव सुहूर किंवा अरबी सन. त्या वर्षी क्योतोत कोएइ ३ चालू होते आणि योशिनोत कोकोकु ५. ती दोन्ही नावे आज फक्त पंडितांना माहीत आहेत. सुहूर मात्र पाचशे वर्षे चालला.

का चालला? त्याचे वर्ष मृगावर सुरू होते. सूर्य मृगात आला, पेरणीची घाई सुरू झाली, की सालही बदलले. हिजरीचे चांद्र वर्ष ऋतूंतून मागे सरकत जाते, त्यावर शेतसारा वसूल करता येत नाही. सुहूरवर येतो. बहमनींनी तो वापरला, निजामशाहीने वापरला, आदिलशाहीने वापरला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वीच्या पत्रांवर तो आहे, आणि राज्याभिषेकानंतरच्या कारभारी कागदांतूनही तो गेलेला नाही. पेशव्यांच्या दफ्तरात तर सर्वत्र तोच. राक्षसभुवनची लढाई घ्या. ऑगस्ट १७६३, गेवराई तालुक्यातला तोच गोदेचा काठ. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. त्याआधी साताऱ्याच्या कारभाराचे आमिष दाखवून निजामाने जानोजी भोसल्यांना फोडले होते. दुसऱ्या दरबाराची तीच युक्ती पुन्हा! तर त्या वर्षीच्या पेशवे दफ्तरातल्या कागदांचे साल आहे ‘अर्बा सितैन मया व अलफ’. चार, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६४. अरबी आकडे, मोडी अक्षर, लिहिणारा बहुधा देशस्थ कारकून, आणि वर्षाची सुरुवात कुणब्याच्या मृगाची. शिवरायांनी परकीय कालगणना फेकून दिली असे म्हणणाऱ्यांनी ही ओळ मोठ्याने वाचून दाखवावी. फेकून देण्याची महाराजांना गरजच पडली नाही. सिंहासनासाठी त्यांनी आपला शक केला आणि जमिनीच्या वहिवाटीला हात लावला नाही. यात मला त्यांचे राज्यकर्तेपण जास्त दिसते.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच डोळ्यांसमोर आहे. स्वतंत्र भारताने पूर्ण सार्वभौम हक्काने एक कालगणना जाहीर केली. मेघनाद साहांच्या समितीने ती सुचवली, आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ पासून ती लागू झाली. राजपत्रावर ती छापतात, आकाशवाणीवर सांगतात. तुमच्या घरी या क्षणी त्या दिनदर्शिकेचा कोणता दिवस चालू आहे, सांगा. राज्य आहे, शक आहे, आणि वापरणारा कुणी नाही. सूत्राचे मला वाटते इथे पुरते झाले. शिवाय राज्याभिषेक शकाचे वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. सहा जूनवाले त्या वर्षी अधिक मासात सोहळा करतील आणि तिथीवाले जूनच्या अखेरीस, निज ज्येष्ठात. सरकारी नोकरांची वेतनवाढ त्या वर्षी कोणत्या ज्येष्ठात धरायची, याचे परिपत्रक काढणाऱ्या अवर सचिवाची मला आताच दया येते.

हे सगळे गमतीचे झाले. पण बीड जिल्ह्यात आज जुन्या सालांवरून जे चालले आहे त्यात गंमत मुळीच नाही. हैदराबाद संस्थानाचे सरकारी साल फसली. अकबराच्या काळचे, शहाजहानच्या काळात दख्खनला लागू झालेले, पिकांच्या हंगामासाठी केलेले हेही एक सुलतानी साल. निजामाने ते शेवटपर्यंत चालवले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली तेव्हा तलाठ्याच्या कागदावर १३५७ फसली होते. आमच्या आजोबांच्या पिढीला आजूर, दै, बहमन हे महिने तोंडपाठ असत. ते राज्य गेले तसे हे साल पुसले जायला हवे होते. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली दफ्तरे उघडली गेली. बस्ते सुटले ते याच सालांचे. कुठे मोडी, कुठे उर्दू, कुठे खासरा, कुठे पाहणी पत्रक, आणि मिती फसलीत. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरलाही पुराव्यात जागा दिली. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाबद्दल मी इथे बोलत नाही. त्यावर बोलणारे भरपूर आहेत आणि बीडने त्याचा चटकाही सोसला आहे. मला दिसते ते एवढेच, की पोराच्या प्रवेशासाठी आणि नोकरीसाठी धावणारा शेतकरी आज पणजोबाचे नाव शोधतो आहे ते निजामाच्या सालात.

त्या कागदावर शिवशक नाही म्हणून तो परका ठरत नाही. पणजोबाने जमीन कसली, सारा भरला, आणि दप्तरदाराने त्या वर्षीचे चालू साल घातले. वक्त्यांच्या संस्थेला वर्गणी भरपूर मिळते असे ऐकतो. तिने जिल्ह्यात मोडीचे आणि निजामकाळच्या उर्दू कागदांचे वाचनवर्ग चालवावेत. तहसिलीच्या बाहेर पैसे घेऊन कागद वाचून देणारे बसू लागले आहेत आणि त्यांच्यातल्या कित्येकांना साधे रूपांतरही येत नाही. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू होते. म्हणून वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली नोंद असेल तर आकड्यात ५९० मिळवायचे आणि जानेवारीनंतरची असेल तर ५९१. महिना न पाहता बेरीज केली की जन्माचे वर्ष चुकते, वंशावळ जुळत नाही, आणि अर्ज त्रुटीत निघतो.